दोन्काताईंची सी डिस्क

दार लावून घ्या, गारठा येतोय. भुतांवर विश्वास नाही म्हणता, नसू दे. माझाही नाही, वेलिचकोचाही नव्हता. वेलिचको म्हणजे माझा शेजारी, इथल्या सूतगिरणीत कॉम्प्युटर सांभाळायचा. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. ही गोष्ट सांगताना ते कधी झाले नाहीत.

शुक्रवार, आठ मार्च, पंच्याऐंशी साल. त्या हिवाळ्यात वीज दोन तास असायची आणि दोन तास नसायची, तुमच्या आयांना विचारा. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते आठ असायची. वेलिचको साडेसातला कॉम्प्युटरच्या खोलीत गेला तो एका कागदासाठी. वर सभागृहात महिला दिनाची मेजवानी होती. उपसंचालक तोंचेव तिथे अहवाल वाचणार होता: कातणी विभागात फुप्फुसाचे आजार, शून्य. तेवढं टाइप करायचं, छापायचं आणि घरी जायचं.

शून्य म्हणे! आजही माझं डोकं फिरतं. आमच्या गल्लीत रात्रभर बायका खोकायच्या, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. छातीत कापसाची धूळ गेलेल्या त्या बायका, आणि हा त्यांना कार्नेशनचं एकेक फूल वाटणार.

आता दोन्काताई. त्या अकरा वर्षं कातणीवर होत्या, मग छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली म्हणून कॉम्प्युटर शिकल्या. आजारी बायकांची यादी त्यांनीच केली होती. परिचारिकेच्या वह्यांमधून उतरवलेली त्रेचाळीस नावं, त्यात एक त्यांचं स्वतःचं. ती यादी राजधानीत, सोफियाच्या आयोगाकडे पोचली असती तर त्या सगळ्यांना आजारपणाचं निवृत्तिवेतन मिळालं असतं, आणि गिरणीचं बक्षिसाचं लाल निशाण हुकलं असतं.

त्या यंत्राला फ्लॉपीच्या दोनच खाचा, ए आणि बी. फ्लॉपीवर काम रांगत चालायचं. म्हणून सगळे एक युक्ती करायचे. यंत्राच्या मेमरीतला एक तुकडा वेगळा काढायचा आणि यंत्राला सांगायचं, ही तुझी तिसरी डिस्क, सी. तिलाच रॅम डिस्क म्हणतात. तासाचं काम तीन मिनिटांत. फक्त वीज गेली की सी गेली, आतल्या मजकुरासकट. त्याआधी सगळं फ्लॉपीवर उतरवायचं. आणि फ्लॉप्या असायच्या तोंचेवच्या कपाटात, कुलपात.

अठ्ठावीस जानेवारीला दोन्काताईंनी अख्खी यादी सीमध्ये घेतली. तेवढ्यात तोंचेव आला, प्रत काढून देतो म्हणाला आणि फ्लॉपी घेऊन गेला. आठच्या आत परत आणतो म्हणाला. आणली नाही. पुसून टाकली त्यानं ती. परिचारिकेच्या वह्या तर दुपारीच बॉयलरमध्ये गेल्या होत्या. आठला वीज गेली, सी गेली. दोन्काताई त्या थंडगार खोलीत बसून राहिल्या, आठवतील तशी नावं अंधारात कागदावर लिहीत. सकाळी सापडल्या तेव्हा जीव गेलेला, आणि कागद खोकल्याच्या रक्तानं माखला होता, एक अक्षर लागेना. डॉक्टरनं दाखल्यावर हृदयविकार लिहिला.

आठ मार्चला त्यांचा चाळिसावा दिवस. चाळीस दिवस जीव इथेच असतो, मग जातो. घरच्यांनी गिरणीच्या फाटकावर चाळिसाव्याचा कागद लावला, फोटोसकट. पाहुणे यायचेत म्हणून तोंचेवनं तो फाडायला लावला. वेलिचकोनं ते पाहिलं होतं. दात खाऊनच तो यंत्रापुढे बसला.

सवयीनं त्यानं आधी रॅम डिस्क तयार केली. नवीकोरी. मग आत काय आहे ते विचारलं. रिकामी, असं उत्तर यायला हवं.

एक फाइल होती.

त्यानं उघडली. नावं... वर्षं... विभाग. दोन्काताईंची यादी.

त्यानं घड्याळ पाहिलं. आठला सतरा मिनिटं कमी. भीती वाटलीच नाही म्हणायचा तो, संताप आला. जिन्यातली आगीची कुऱ्हाड काढून त्यानं तोंचेवचं कपाट फोडलं. वर अ‍ॅकॉर्डियन वाजत होता, कुणाला ऐकू गेलं नाही. फ्लॉप्या कोऱ्या होत्या. कोरी फ्लॉपी आधी आखून, म्हणजे फॉरमॅट करून घ्यावी लागते. पहिली खराब निघाली. दुसरी आखली गेली तेव्हा आठला अर्धं मिनिट होतं.

त्यानं प्रत काढायला सांगितलं.

वीज गेली.

पडदा काळा. वरचा अ‍ॅकॉर्डियन थांबला. खिडकीबाहेर सगळं गाव विझलेलं.

फ्लॉपीच्या खाचेवरचा लाल दिवा... चालू होता.

करर... करर...

वेलिचको हलला नाही.

मागे कुणीतरी खोकलं. दबून. कामात व्यत्यय नको म्हणून खोकावं तसं.

"ताई?"

...

करर. मग तेही थांबलं. दिवा विझला.

दहाला वीज आली तेव्हा त्यानं फ्लॉपीवरची यादी चार वेळा छापली. तीन प्रती रात्रीच्या गाडीनं सोफियाला पाठवल्या. चौथी घेऊन तो सकाळी तोंचेवची वाट बघत बसला.

तोंचेव आला तो फुटलेलं कपाट बघूनच.

"हे तू केलंस?"

"मी केलं, कॉम्रेड उपसंचालक."

"तुला आत टाकतो बघ."

"टाका. आधी हे वाचा."

तोंचेवनं उभ्याउभ्या पानं उलटली. असले शंभर कागद मी चुलीत घातलेत, म्हणाला. मग शेवटच्या पानावर थांबला. वेलिचकोनं घाईत शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. आता त्यानं वाकून पाहिलं. त्रेचाळिसावं नाव दोन्काताईंचं. त्याखाली आणखी एक ओळ होती.

चव्वेचाळीस. दिमाना तोंचेवा. कातणी, स्लिवेन. एकोणीस वर्षं, चार महिने.

"आईचं नाव तुला कुणी सांगितलं?" तोंचेवनं विचारलं. आपली आई शाळेत शिकवायची, असं तो गावभर सांगत आला होता.

वेलिचकोनं यंत्राकडे बोट दाखवलं.

त्रेचाळीस बायकांचं काम झालं. चव्वेचाळिसावीसाठी आयोगानं स्लिवेनच्या गिरणीला पत्र घातलं. बाई खोकून खोकून सव्वीस वर्षांपूर्वी वारली, असं उत्तर आलं. कातणीवरची एकोणीस वर्षं बरोबर निघाली. चार महिनेही.