चहाडखोर व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर तापायला वेळ घेतो. बटण दाबलं की आधी काहीच होत नाही. मग काचेच्या पोटात नारिंगी धग धरते, धुळीचा करपट वास सुटतो आणि ट्रान्सफॉर्मरची बारीक घूं खोलीभर पसरते. माझा ॲम्प्लिफायर बंद पडलेल्या एका थिएटरातला. चार मोठे व्हॉल्व्ह, आणि उचलायला दोन माणसं. बायको त्याला माझी सवत म्हणायची. "तापल्या का बाईसाहेब? मग आता आम्हाला कोण विचारतंय."

बाईसाहेबांना स्वतंत्र खोली हवी होती. घरात तशी एकच होती, बाबांची. मी त्यांचा पलंग पॅसेजमध्ये, खोलीच्या दाराला लागून हलवला.

"तिथं वारा चांगला येतो, बाबा."

"येत असेल," बाबा म्हणाले. उशी स्वतःच उचलून घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही म्हणून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून वाटते.

मग मशीन उघडून बसलो. अशा मशीनमध्ये फीडबॅकची एक तार असते. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडासा ती परत आत नेते आणि मशीनच्या चुका मशीनलाच दाखवते. ती मी कापली. आवाज मोकळा होतो, असं आमच्यातले वेडे म्हणतात. शिवाय मशीनच्या तोंडाशी, जिथून आवाज आत शिरतो तिथं, एक जुना, बोटाएवढा व्हॉल्व्ह बसवला. त्याला पेन्सिलीनं टिचकी मारून बघायची रीत आहे. स्पीकरमधून टणकन आवाज आला तर तो फेकायचा, कारण असा व्हॉल्व्ह खोलीतली आदळआपटही ऐकतो आणि गाण्यात कालवतो.

हा टणकन वाजला.

"चहाडखोर आहे हा," माझा एक हौशी मित्र म्हणाला. "काढून टाक."

पण त्या व्हॉल्व्हमधून गाणारीचा श्वास असा यायचा, जणू ती माझ्या खांद्यामागे उभी आहे. मी तो ठेवला.

पहिल्यांदा आला तो बशीचा आवाज. मशीन चालू होतं, पण गाणं काही लावलेलं नव्हतं. बायकोनं कप ठेवला, ती गेली, आणि बऱ्याच वेळानं स्पीकरमधून कप ठेवल्याचा किणकिणाट आला. चहाडखोर व्हॉल्व्ह ऐकतो हे खरं, पण जे ऐकतो ते त्याच क्षणी बोलतो. साठवून ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. मी जोड तपासले, सगळे पक्के होते.

मग एका दुपारी बायकोची सकाळची शिंक आली. सकाळी तर मशीन बंद होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं. दुपारी एकटा बसून मी माझ्याच घराला चोरून ऐकायचो.

बाबांना वृद्धाश्रमात पाठवायचं आम्ही त्याच खोलीत ठरवलं, दार लावून. मशीन गार होतं.

"त्यांना कधी सांगायचं?" बायकोनं विचारलं.

"आश्रमाची गाडी दारात आल्यावर. आधी सांगितलं तर घोळ घालत बसतील."

तिनं हातातली चादर झटकली. चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन तापत ठेवून मी पाणी प्यायला गेलो. दार उघडंच राहिलं. स्वयंपाकघरात मला माझा आवाज ऐकू आला, मोकळा, भरदार, एकेक अक्षर सुटं.

"...आधी सांगितलं तर घोळ घालत बसतील."

पॅसेजमध्ये बाबा पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होते. बोटं मधल्या बटणावर थांबली होती.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. बंद केल्यावरही हे मशीन दोन-चार श्वास बोलतं आणि मग विझतं.

ते विझलं नाही.

प्लग उपटला. रुमालानं धरून तो व्हॉल्व्ह उपसला, टेबलावर ठेवला. काचेतली धग गेली. स्पीकरमध्ये चादर झटकल्याचा आवाज चालूच होता.

"बाबा, जुनं मशीन आहे. काहीतरीच लागतं."

"लागू दे," बाबा दारातून म्हणाले. आत येऊन माझ्या खुर्चीत बसले, स्पीकरकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर.

"आपण गाडी रद्द करू. आत्ता फोन करतो, बाबा."

त्यांनी एक बोट वर केलं. गप्प, ऐकतोय.

स्पीकरमध्ये फोन उचलल्याचा आवाज झाला. मग पुन्हा मी.

"ताई... बाबा गेले गं. नाही, त्रास काही झाला नाही. आम्ही दोघं उशाशीच होतो. हात माझ्या हातात होता त्यांचा."

हे मी ताईला अजून कधी बोललो नव्हतो. पण थाप मारताना माझा आवाज जो थोडा मऊ होतो, तो तसाच मऊ होता.

मागून बायको, दबक्या सुरात: "आश्रमातून परत फोन आलाय. कुणी येणार आहे का, विचारतायत."

मग नुसती घूं.

बाबांनी गुडघ्यावरचा उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे पाहत राहिले. मी खाली बसलो, तो हात धरला. भर दुपारच्या उकाड्यात तो गार होता.

बाबांनी तो हळूच सोडवून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू नव्हतास तिथं."