टेबलाखालून ओढलेलं कापड

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या मावसबहिणीसोबत, अल्कासोबत, भरदुपारी घडलंय. गेल्या मार्चमधला रविवार. गाव सडक अर्जुनी.

खेमराजशी तिचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. त्याची पहिली बायको दुर्गा तापानं गेली, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी नणंदेला, खुशीला, बघायला चिचगडचे पाहुणे आले. सासू सुशिलाबाईंनी पेटीतून टेबलक्लॉथ काढला. पांढरा, निळ्या दोऱ्यानं भरलेला. दुर्गाच्या हातचा.

पाहुणे जेवायला बसले. अल्का वाढत होती.

आणि कापड सरकलं...

बोटभर. मग वीतभर. वरणाची वाटी काठावर आली.

कोणीतरी खालून ओढत होतं.

अल्कानं वाकून पाहिलं... खाली कोणीच नव्हतं.

सासूनं मात्र दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते.

पाहुणे गेल्यावर अल्कानं विचारलं, "आई, पाय काऊन वर घेतले?"

"तिले सांगतलं होतं, पाहुणे गेले का पानी देतो," सुशिलाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "दुर्गीनं आयकलं नाही. सरपटत आली, कापड ओढून राहिली होती. तेव्हाही खुशीलेच पाहाले आले होते. घरात असं बिमार मानूस पाहून सोयरीक जमली असती का? मी तिचा हात पायाखाली दाबून धरला."

"मंग?"

"मंग का! पाहुण्यायचं जेवन होयेपर्यंत थंडी पडली."

अल्कानं नवऱ्याकडे पाहिलं.

"पाहुणे बसले होते ना," खेमराज म्हणाला.

संध्याकाळी त्याचा फोन वाजला. चिचगडहून मुलाची आई. त्यानं स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाये जी. पन तुमच्या घरची ते बिमार बाई आमच्या गाडीत कधी बसली? रस्ताभर बोलली नाही. आता पानी मागून राहिली... डॉक्टरनं मना केलं असन तर सांगा. देऊ का?"



सुशिलाबाई फोनजवळ वाकल्या.

"नोको देऊ."

पलीकडे भांडी पडल्याचा आवाज झाला. एकामागून एक... बराच वेळ.

मग फोन कटला.

तो नंबर पुन्हा लागला नाही. खेमराज दुसऱ्या दिवशी चिचगडला जाऊन आला. घराला कुलूप. शेजाऱ्यांनाही पत्ता नाही.

"'द्या' एवढंच म्हणायचं होतं मला," अल्का अजूनही सांगते. "तोंड उघडलं होतं. सासूनं पाह्यलं... अन् मी चूप बसली."