मदर बेनिग्नावरचा आळ

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सिस्टर क्लोतिल्दा हातगाडी ओढत कोळशाच्या वखारीत आली. वजनकाट्यापाशी हिनेक मारेश उभा होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ब्रनो शहरात त्याची खाजगी गुप्तहेर कचेरी होती. नव्या कम्युनिस्ट राजवटीने तिला टाळं ठोकलं आणि त्याला या गावात कोळसा तोलायला धाडलं. शेजारी त्याचा मित्र सोबोत्का हात चोळत बसला होता. सोबोत्का गुरांचा डॉक्टर. गुरांचं दुखणं त्याला चटकन कळे, माणसांचं जरा उशिरा.

"सोमवारीच तर मठाला दोन गाड्या कोळसा दिला," मारेश म्हणाला.

"त्यातला उरलेला सगळा काल हाम्झांनी स्वतःच्या खोलीत नेला. स्वतः बादल्या वाहिल्या." सिस्टरने आवाज खाली आणला. "पण मी त्यासाठी आले नाही. आमचा रत्नांचा प्याला नाहीसा झालाय. काल संध्याकाळी पाचला तो मदरने नेला असा हाम्झांचा आळ आहे, आणि दुपारी जिल्ह्याच्या अधिकारी बाई येतायत."

हाम्झा हा सरकारने मठावर आणून बसवलेला व्यवस्थापक. मठ सरकारजमा झाल्यापासून तिथला चमचाही सरकारी होता, आणि सरकारी वस्तू चोरणाऱ्याला दहा वर्षं.

"प्याला शेवटचा कधी पाहिलास?"

"बुधवारी, पुसताना. तो फक्त ईस्टरलाच बाहेर काढतो. गुरुवारी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर रिवाजाप्रमाणे वेदी उघडी केली, चादरी धुवायला टाकल्या, दिवा मीच विझवला. आज पहाटे कपाट उघडलं तर रिकामं."

"किल्ल्या?"

"एक मदरकडे, एक हाम्झांकडे. कुलूप मातोउश माळ्याने परवाच दुरुस्त केलंय."

"सोबोत्का, ऊठ," मारेश म्हणाला. "आपण कोळसा पोचवायला जातोय."

मातोउश मठामागच्या वाफ्यात कांदे लावत होता.

"तिसरी किल्ली केलीस का रे?" मारेशने सरळच विचारलं.

"केली असती तर इथे चिखलात बसलो असतो का? काल दिवसभर मी पोलीस चौकीच्या बाकावर होतो. हाम्झाने धाडलं, म्हणे चौकशी आहे. रात्री सोडलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही."

मठाची प्रमुख मदर बेनिग्ना स्वयंपाकघरात भेटली. सत्तरी ओलांडलेली, ताठ.

"काल संध्याकाळी पाच वाजता कुठे होता, मदर?"

"इथेच. बटाटे सोलत होते."

"कुणी पाहिलं?"

"बटाट्यांनी."

"तुमच्या सिस्टर्सपैकी कुणी..."

"त्या माझ्या मुली आहेत, मारेश. संशयितांची यादी तुमच्या कचेरीत राहिली, तिथेच राहू दे."

हाम्झा आपल्या खोलीत ओव्हरकोट घालून, मफलर गुंडाळून बसला होता. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शेगडी विझलेली, आणि तिच्याशेजारची लाकडी पेटी कोळशाने काठोकाठ भरलेली. पूर्वी हा विमा कंपनीत कारकून होता; दोन गावं पलीकडच्या गिऱ्हाइकालाही पत्र पाठवताना शिक्का तीनदा मारायचा.

"कोळसा नको. इथे जागा नाही," तो म्हणाला. मग सोबोत्काला आपली तक्रार वाचून दाखवायचा मोह त्याला आवरला नाही. "'शुक्रवारी पाच वाजता मी देवळाच्या दाराआडून स्वतः पाहिले. वेदीपुढच्या लाल दिव्याच्या उजेडात मदर बेनिग्नाने कपाटातून प्याला काढला, वेदीवरच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळला आणि ती घाईने निघून गेली.' कसं वाटतं?"

"अक्षर छान आहे," मारेश म्हणाला.

बाहेर पडल्यावर सोबोत्काने मान हलवली. "संपलं रे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आहे."

"तू बैलांनाच तपासत जा," मारेश म्हणाला.

दोन वाजता जिल्ह्याच्या कॉम्रेड तिखा आल्या, बरोबर दोन शिपाई. जेवणघरात सगळ्यांना उभं केलं.

"तुम्ही कोण?" त्यांनी मारेशला विचारलं.

"कोळसेवाला. दोनच गोष्टी सांगतो. या हाम्झाने लाल दिव्याच्या उजेडात पाहिलं म्हणे. तो दिवा गुरुवारीच विझवलाय. आज सकाळपर्यंत तो पेटत नसतो, शतकानुशतकं. पांढरी चादर गुरुवारपासून धोब्याच्या टबात आहे. आठ महिने इथे राहून याला तेवढंही ठाऊक नाही. म्हणजे शुक्रवारी हा देवळात गेलाच नव्हता. एरवीचं देऊळ आठवून कागद खरडला."

"खोटं बोलला म्हणजे प्याला चोरला असं नाही," तिखा म्हणाल्या.

"बरोबर. किल्ली दोघांकडे. माळ्याने केली असती तिसरी, पण त्याला यानेच दिवसभर चौकीत अडकवून ठेवलं, कुणी पाहू नये म्हणून. मग याने बायकांचा कोळसा बादल्यांनी आपल्या खोलीत वाहिला. आणि आज हाच माणूस ओव्हरकोटात कुडकुडतोय. भरलेल्या पेटीशेजारी कुणी उगाच थंडीत बसत नाही, कॉम्रेड. त्या पेटीतला कोळसा त्याला कमी करायचा नाहीये."

शिपायांनी पेटी आणून फरशीवर उपडी केली. तळातून एक भोक पडलेला लोकरी मोजा निघाला, आणि मोज्यात प्याला.

"मोजासुद्धा धड नाही," मातोउश पुटपुटला.

"मदर तुरुंगात गेल्या की शोधणारं कुणी उरत नव्हतं," मारेश म्हणाला. "एवढाच याचा मोठा बेत."

हाम्झा मदरकडे वळला. "मदर, तुम्ही सांगा ना यांना. मी कधी त्रास दिला का तुम्हाला?"

"एकदासुद्धा प्रार्थनेला डोकावला नाहीत, हाम्झा," ती म्हणाली. "त्यामुळेच वाचले मी."

तिखांनी तक्रारीचा कागद फाडून खिशात घातला आणि प्याला वर्तमानपत्रात गुंडाळला. "यातलं काही अहवालात येणार नाही. सिस्टर्स मंगळवारी सूतगिरणीत कामाला जातील. ते महिन्यापूर्वीच ठरलंय."

"मग याच्या खोट्या कागदाची गरज काय होती?" मारेशने विचारलं.

"याला होती. आम्हाला कागद लागत नाही." जाता जाता त्यांनी मारेशचं नाव लिहून घेतलं.

मंगळवारी मठासमोर बस उभी राहिली. अकरा सिस्टर्स एकेक गाठोडं घेऊन चढल्या. शिपाई यादी वाचत होता. मदरच्या नावापुढे त्याने 'कामगार' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मारेशच्या खिशात खाणीत रुजू होण्याचा हुकूम होता. सोबोत्काने तो सकाळीच वाचला होता.

"काय मिळवलंस रे?" त्याने विचारलं.

"त्या यादीत मदरच्या नावापुढे 'चोर' लिहायला जागा ठेवली होती त्यांनी," मारेश म्हणाला. "तिथे 'कामगार' लिहावं लागलं."

बस निघाली. खिडकीतून मदरने दोघांकडे पाहून मान लववली, आणि मारेशने डोक्यावरची टोपी काढली.