आर्विडची पुसलेली टेप

माझ्या शंभर गोष्टींतल्या नव्व्याण्णव थापा असतात, हे मीच सांगतो.

ही उरलेली.

अमेरिकेच्या उत्तर टोकाचं डुलुथ गाव. ख्रिसमसच्या आधीचा आठवडा. दुपारचे चारच वाजले होते, पण बाहेर अंधारलं होतं.

टीव्ही स्टेशनच्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही तिघं बातम्यांच्या टेपा जुळवायचो. मी, डेल आणि आर्विड.

आर्विडला जाऊन महिना झाला होता.

दर ख्रिसमसला आम्ही वर्षभराच्या फजित्यांची टेप करायचो. निवेदकाची शिंक, हवामानवाल्याची घसरलेली पँट. आम्ही स्वतः त्यात कधीच नसायचो. गेल्या वर्षी मात्र डेलनं आर्विडवर कॅमेरा रोखला. आर्विड पोट धरून हसत होता.

त्याचं हलतं चित्र तेवढं एकच.

ते बघायला त्याची बायको लेनोर येत होती. तिला कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं. डोळ्यांनीच काय ते.

"टेप काढ," मी म्हणालो.

डेल पांढरा पडला. "ती... 'कोरी' लिहिलेली?"

"डेल..."

"अरे, कोरी लिहिलं होतं! सकाळीच टेपा पुसायच्या चुंबकावर धरून पुसली!"

"गाढवा, चोरापासून वाचवायला तो चांगल्या टेपेवर 'कोरी'च लिहायचा!"

"चोर कोण?"

"तूच की, लेका!"

आम्हाला हसू फुटलं. आणि बघतो तर दारात लेनोर.

डेल ओठ सावकाश हलवत म्हणाला, "माझ्या हातून पुसली गेली."

ती खुर्ची ओढून स्पीकरशेजारी बसली.

"तरी लावा," म्हणाली. "त्याच्या हातची आहे ना?"

लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

आणि मग...

हसू. आर्विडचं.

आमचे चेहरे बघून लेनोरनं स्पीकरवर तळहात टेकला.

"हा तोच," ती पुटपुटली. "हसला की त्याची पाठ अशीच थरथरायची."

तिचे डोळे वाहत होते. टेप संपली. तिनं हात काढला.

"थांबला."

थांबला नव्हता.

हसू आता बाहेर होतं... बोळात.

"संपलं ना?" तिनं विचारलं. मी मान डोलावली.

ती निघाली. हसू तिच्या मागोमाग... बर्फातल्या गाडीपर्यंत.

तिथं त्या हसण्याच्या हाका झाल्या, आर्विडच्याच आवाजात.

"लेनोर... लेनोर..."

ती पाठमोरी, काचेवरचा बर्फ खरवडत होती.

गाडी गेली. हाका थांबायला बराच वेळ लागला.

डेल अजून म्हणतो, धावत जाऊन तिचा खांदा धरायला हवा होता.

धरला असता. पण वळवून तिला दाखवणार काय होतो?

तिथं कुणीच नव्हतं.