कुकीतला प्रश्न

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. गेल्या मार्गशीर्षात, ऐरोलीच्या एका सोसायटीत, भर दुपारी. गीतांजली आजही त्याच फ्लॅटमध्ये सासूबरोबर राहते.

तिचा नवरा ऋषी दिवाळीच्या तोंडावर गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

दोघंही सॉफ्टवेअरमधली. सासूबाई, जयमालाबाई, घरून जेवणाचे डबे देतात. त्यांच्यासाठी दोघांनी मिळून वेबसाइट बनवली होती. सर्व्हरची बाजू ऋषीची, ब्राउजरची गीतांजलीची. गिऱ्हाइकाची आवड लक्षात राहावी म्हणून साइट त्याच्या ब्राउजरमध्ये कुकी ठेवायची. कुकी म्हणजे छोटीशी चिठ्ठीच. तिच्यात दोनच शब्द चालत, 'व्हेज' किंवा 'नॉनव्हेज'. दोन्ही बाजूंना एकच नियम, ऋषीने लिहिलेला. तिसरं काही आलं की कुकी रद्द.

"आपल्या दोघांत गैरसमजाला जागाच नाही, गीतू," तो हसायचा.

त्या दुपारी ती साइट बंद करायला बसली. त्याचं लिहिलेलं रोज बघणं तिला सोसेना. जयमालाबाई स्वयंपाकघरात होत्या. शेजारी कुकरची शिट्टी होत होती...

मग शिट्टीही थांबली.

शेवटचं म्हणून तिने साइट उघडली. कुकी पाहिली.

'व्हेज'च्या जागी लिहिलं होतं...

'जेवलीस का?'

तिने ती पुसली. पान पुन्हा उघडलं.

'जेवलीस का?'

सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. तिथून असं काही गेलंच नव्हतं. नियमही जागच्या जागी होता. तरी कुकी रद्द झाली नव्हती.

ऋषी ऑफिसातून रोज फोन करून हेच विचारायचा.

"आई..."

जयमालाबाई हात पुसत आल्या. वाचलं. आत गेल्या नि ताट वाढून घेऊन आल्या.

"जेव आधी. पोरगं विचारतंय."

ती रडत रडत जेवली. मग कुकीत लिहिलं, 'जेवले रे. तू?'

रद्द.

पुन्हा लिहिलं. पुन्हा रद्द. त्याचं येत होतं, तिचं जात नव्हतं.

शेवटी तिने तो नियमच काढून टाकला. दोन्हीकडचा. उत्तर पाठवलं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला...

पान उघडलं.

'कोण?'

एवढंच.

'मी गीतू,' तिने लिहिलं.

काहीच आलं नाही.

"काय म्हणाला गं?" ताट उचलता उचलता जयमालाबाईंनी विचारलं.

गीतांजलीने लॅपटॉप मिटला. "बरा आहे म्हणाला, आई."

नियम तिने परत लावला. त्यानंतर कुकीत कधी काही आलं नाही. पहिला प्रश्न ऋषीचाच होता, याबद्दल तिला शंका नाही. दुसरा कुणाचा होता, ते कळत नाही. तोही ऋषीचाच असेल तर...

तो विचार ती पुरा करत नाही.

साइट अजून चालू आहे. बंद कशी करणार? दुपारी डबे गेले की जयमालाबाई तिच्याशेजारी येऊन बसतात.

"आज काय म्हणाला?"

आणि गीतांजलीला रोज काहीतरी नवीन सांगावं लागतं.