क्लोव्हरचं शेपूट

"केसच आहेत ना बाई? वाढतील परत," असं म्हणून शेरिफसाहेबांनी फोन ठेवला. मग लॉर्ना टिडवेलने व्हर्लीन स्ट्राउडला फोन लावला.

व्हर्लीनने पंचवीस वर्षं ओक्लाहोमात जनावरांच्या चोऱ्या शोधायची सरकारी नोकरी केली होती. निवृत्तीनंतर ती तेच काम खाजगीत करत असे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिची गाडी हॉलिस प्रुइट चालवायचा. हॉलिस गावचा न्हावी. वसंतात त्याने दुकान बंद केलं आणि तेव्हापासून त्याच्या हातांना चैन म्हणून नव्हतं. स्टिअरिंगवरसुद्धा त्याची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट करत असत.

"शेपूट कापलं म्हणून डिटेक्टिव्ह?" त्याने गाडी वळवत विचारलं.

"परवा शनिवारी घोड्यांचा मोठा शो आहे. लग्नाच्या दोन दिवस आधी तुझ्या गिऱ्हाइकाचं कुणी टक्कल केलं असतं तर?"

"दोघातिघांना ते शोभलं असतं," हॉलिस म्हणाला.

लॉर्ना फाटकातच उभी होती. गळ्यात माप घ्यायची टेप, बुटांना शेण. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट.

"दहाला दुकान उघडायचंय," ती चालता चालताच बोलू लागली. गावात तिचं 'ब्लू रोन' नावाचं वेस्टर्न, म्हणजे काउबॉय थाटाच्या कपड्यांचं दुकान होतं. शोमध्ये उतरणाऱ्यांचे खडे जडवलेले कोट, हॅट, बूट तिथे मिळत. "पहाटे पाचपासून इथं, दिवसभर दुकानात, संध्याकाळी पुन्हा इथं. दुकानात असले की घोडी डोळ्यासमोर, घोडीपाशी असले की दुकान. एका जागी जीव म्हणून नाही बघा."

क्लोव्हर आपल्या ठाणावर उभी होती. सहा वर्षांची, तांबूस, देखणी घोडी. जन्मली त्याच दिवशी आई गेली, म्हणून लॉर्नाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेली. आता मागून तिच्याकडे बघवत नव्हतं.

लॉर्नाची अठरा वर्षांची मुलगी रेमी दोरी धरून उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"शेपटाची वेणी घालून ती पिशवीत ठेवतो आम्ही, केस तुटू नयेत म्हणून," ती म्हणाली. "सकाळी सहाला आले तर पिशवी खाली पडलेली, वेणी आतच. आणि नुसती वेणीच नाही हो, शेपटाच्या हाडावरचे केससुद्धा भादरलेत."

"नकली शेपूट बांधतात ना?" व्हर्लीनने विचारलं. "नियमात बसतं ते."

"बांधायला वर केस तर हवेत!"

सप्टेंबरचा उकाडा होता आणि माशा घोंगावत होत्या. माशी मांडीवर बसली की क्लोव्हर पाय आपटायची, कातडी थरथरवायची, मान वळवून तोंडाने हाकलायची. बिचारीचं हत्यारच गेलं, असं मनात येऊन हॉलिस आपल्या टोपीने तिला वारा घालायला मागे सरकला.

"काका, मागे नका जाऊ!" रेमी ओरडली. "मार्चमध्ये डॉक्टरांचं मनगट मोडलंय तिनं. मागे फक्त आम्ही तिघं जातो. मी, आई आणि गार्लंड."

गार्लंड टीग म्हणजे घोडीचा ट्रेनर.

"आणि आई कुठली जातेय आता," रेमी पुढे म्हणाली. "मीच रोज मागून धुते हिला. गार्लंडकडे पंधरा दिवस शिकायला होती ना, तिथून आल्यापासून मागचे पाय सारखे घाण. महिना झाला. नवं खाणं मानवत नसेल."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"गार्लंड म्हणाला, काही गरज नाही."

गवताच्या गंजीत एक कात्री सापडली होती. शिंप्याची, हातभर लांब, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. लॉर्नाने ती पाहून तोंड फिरवलं.

"ओफेलियाची," ती म्हणाली. "माझ्या दुकानातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईची. नाताळनंतर दुकान बंद करून नुसते घोडेच सांभाळीन म्हणाले मी, त्यावरून गेल्या आठवड्यात आमचं वाजलं."

हॉलिसने कात्री उचलली आणि सवयीने आपल्या मनगटावरच्या केसांवरून फिरवली. केस अलगद खाली पडले. पात्यांच्या खिळ्यात फिरोजी रेशमाचा एक धागा अडकला होता, बाकी काही नाही. मग त्याने वेणी हातात घेतली. तिचं टोक पायऱ्यापायऱ्यांचं होतं, मधले केस ओढून तुटल्यासारखे. त्याला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना.

खोगिरांच्या खोलीत भिंतीवर एक पिवळा कागद टाचला होता. 'शनिवारी सर्व घोडे तासभर आधी आणावेत. यंदा प्रथमच पशुवैद्य प्रत्येक घोड्याची तोंडापासून शेपटापर्यंत तपासणी करतील.' व्हर्लीनने तो दोनदा वाचला.

"हे तुम्ही वाचलंत?" तिने लॉर्नाला विचारलं.

"कुठला कागद?" लॉर्ना गाडीत बसतही होती.

'ब्लू रोन'मध्ये ओफेलिया मुन्योस मशीनवर वाकली होती. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात टाचण्या. कात्रीबद्दल कळल्यावर तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली, मग बोलली.

"काल संध्याकाळी हरवली. मी लगेच लॉर्नाला फोन केला. 'कापडाखाली बघ' म्हणाली आणि फोन बंद. घोड्याला पाणी पाजत होती, नाहीतर पाण्याला घोडा दाखवत होती, तिचं तिलाच ठाऊक!"

"काल इथे कोण कोण आलं होतं?"

"कूंट्झबाई कोटाच्या मापाला. गार्लंड हॅटची कड वाफेवर वळवून घ्यायला. बाकी सगळे परगावचे."

"तुम्हाला राग आला होता ना?"

"आला होता. अकरा वर्षं इथं शिवतेय मी. पण घोडी? बाई, मला घोड्याची इतकी भीती वाटते की तिच्या फार्मच्या फाटकाआतसुद्धा मी कधी गेले नाही."

तेवढ्यात जनेल कूंट्झ स्वतःच कोट न्यायला आली. तिची मुलगी तीन वर्षं रेमीच्या मागे दुसरी येत होती. बातमी तिला आधीच लागलेली.

"विचारा, विचारा! मीच कापलं असं गाव म्हणतच असेल," ती म्हणाली. "पण मला हरवायचंय ते रिंगणात. टकल्या घोडीला हरवून काय मिरवू? गेल्या महिन्यात काय दिसली होती ती! शेपूट पडद्यासारखं सरळ, हलायचं नाव नाही. परीक्षक खूश. आमचा घोडा झाडू मारल्यासारखा शेपूट फिरवतो, काय करणार?"

"आधीपासून इतकं शांत होतं का तिचं?"

"छे! गेल्या वर्षी तीही फटके मारायची. गार्लंडचा हात लागला आणि सुधारली. आमचाही घोडा घ्या म्हणून मागे लागलेय मी त्याच्या."

बाहेर आल्यावर हॉलिस म्हणाला, "ओफेलियाकडे कात्री, जनेलकडे कारण. निम्मी चोर ही, निम्मी ती."

"आणि दोघींपैकी घोडीची लाथ कुणी खाल्ली?" व्हर्लीनने विचारलं.

गार्लंड टीग दुपारी तबेल्यात भेटला. उंच, मृदू बोलणारा, हॅटची कड नुकतीच नीट वळवलेली. कमरेला चाकू होता, पण तो तिथे सगळ्यांच्याच कमरेला असतो.

"वाईट झालं," तो म्हणाला. "यंदाचा शो सोडा म्हणून मी लॉर्नाला सांगितलं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी एकोणीस होईन," रेमी कडवटपणे म्हणाली. "मुलांच्या गटात ही शेवटची खेप होती."

"शनिवारची तपासणी कसली?" व्हर्लीनने सहज विचारलं.

"नवी कटकट. नियम काढतात आणि बसतात."

"घोडीला डॉक्टर बोलवू या का? कापताना कुठे लागलं असेल."

"केसांसाठी डॉक्टर?" गार्लंड हसला. "काहीतरीच."

व्हर्लीनने घड्याळ पाहिलं. "चार वाजता मी सगळ्यांना इथे बोलावलंय. तुम्हीही थांबा."

चार वाजता लॉर्ना दुकान अर्धं उघडं टाकून आली. सोबत ओफेलिया होती. आयुष्यात पहिल्यांदा ती फाटकाआत आली होती आणि दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

"हॉलिस," व्हर्लीनने सुरुवात केली, "चाळीस वर्षं केस कापलेस तू. ही वेणी आणि ही कात्री. काय दिसतं?"

हॉलिसने वेणीचं टोक पुन्हा पाहिलं आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अरे! या कात्रीला ही वेणी म्हणजे दोन घाव. टोक सपाट आलं असतं. हे चाकूनं घासघासून कापलंय. आणि कात्रीत रेशमाचा धागा आहे, केस एकही नाही!"

"म्हणजे कात्री इथे आणून टाकली. ओफेलियाबाईंवर आळ यावा म्हणून. काल दुकानात आलेल्या ओळखीच्या दोघांपैकी कुणीतरी उचलली. जनेलबाई की गार्लंड? आता ही घोडी परक्याला मागे उभं राहू देत नाही, डॉक्टरांचं मनगट साक्षीला आहे. मग हाडावरचे केस इतक्या सावकाश भादरले कुणी?"

गार्लंड शांतच होता. "मी माझीच घोडी शोमधून का काढीन? ती जिंकली तर नाव माझं होतं."

"तेच मला कोडं होतं. नकली शेपूटही बांधता येऊ नये, इतकी काळजी घेतली होती. म्हणजे कुणाला तरी घोडी तिथे जायलाच नको होती. लंगडते म्हटलं असतं तर लॉर्नाने डॉक्टर बोलावले असते. केसांसाठी कोण बोलावतं? केस गेले की सगळे केसांकडे बघतात, शेपटाकडे कुणीच बघत नाही."

ती क्लोव्हरकडे वळली. "केस कापले तरी शेपटाचं हाड शाबूत आहे, स्नायू आहेत. घोडं ते खुंटासारखं तरी हलवणारच. सकाळी माशा बसत होत्या, तेव्हा हिने पाय आपटले, मान वळवली. शेपूट तसूभरही हललं नाही. लीद टाकताना घोडी शेपूट उचलते. हिचे मागचे पाय महिनाभर भरलेले, कारण तिला ते उचलताच येत नाही. शेपूट पडद्यासारखं झालं कधी? गार्लंडकडे पंधरा दिवस राहून आल्यावर. त्याने सुई देऊन शेपटाच्या नसा मारल्या, परीक्षकांना शांत शेपूट आवडतं म्हणून. आणि मग भिंतीवर तपासणीचा पिवळा कागद लागला; शनिवारी हे पकडलं गेलं असतं."



"लॉर्ना," व्हर्लीन हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही स्वतः बघा. धडधाकट घोडीचं शेपूट उचलू गेलं की ती ते दाबून धरते."

लॉर्ना घोडीच्या अंगावरून हात फिरवत मागे गेली. तिने शेपटाखाली हात घातला आणि वर उचललं. ओल्या दोरखंडासारखं ते तिच्या हातात आलं. सोडलं तसं खाली पडलं. क्लोव्हरला त्याचा पत्ताही नव्हता.

"किती दिवस झाले मी हिला हात लावून," लॉर्ना स्वतःशीच म्हणाली.

"सगळेच करतात," गार्लंड म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता. "तुला पहिला नंबर हवा होता ना? कसा आणला ते कधी विचारलंस?"

त्यातलं अर्धं खरं होतं आणि तेच तिला लागलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "ती चूक माझी. सुई तुझी. चालता हो."

तो गेला. लॉर्ना ओफेलियाकडे आली. "काल तू कात्री कात्री म्हणत होतीस. मी ऐकून घेतलं नाही. वर आज संशयही घेतला."

"अकरा वर्षांत आज पहिल्यांदा तू उभी राहून बोलते आहेस माझ्याशी," ओफेलिया म्हणाली. "दुकान बंद करायचं नाही. किल्ल्या माझ्याकडे दे. मी चालवते. तू इथं थांब, नाहीतर दोन्हीकडचं जाईल."

लॉर्नाने किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला आणि मग कुठेच जायचं नाही हे लक्षात येऊन गवताच्या गंजीवर मटकन बसली.

"शो गेलाच मग," रेमी म्हणाली.

"कुठे गेला?" लॉर्ना म्हणाली. "शनिवारी जायचंय. रिंगणात नाही, तपासणीला."

शनिवारी सकाळी तपासणीच्या मैदानावर चाळीसेक घोडे रांगेत उभे होते. केस विंचरलेले, खूर चकाकणारे. त्यांच्यामधून रेमी भादरलेल्या क्लोव्हरला घेऊन चालली, बाजूला लॉर्ना. आधी कुणीतरी हसलं. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण लॉर्नाने पशुवैद्यासमोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, काय झालं ते सांगितलं. ट्रेनरच्या नावासकट. आपण काही विचारलं नव्हतं, हेही.

वैद्याने दहा मिनिटं तपासलं. "शेपटात वर्षभरात जीव परत येईल कदाचित," तो म्हणाला. "कदाचित नाही येणार. शब्द देत नाही."

हॉलिस कुंपणाला टेकून ऐकत होता. रांगेत पाचव्या जागी एक म्हातारा पशुपालक काळ्या घोड्याचा लगाम धरून उभा होता. व्हर्लीनने कोपराने हॉलिसला खुणावलं. त्या काळ्या घोड्याचाही ट्रेनर गार्लंडच होता.

म्हाताऱ्याने लगाम शेजाऱ्याच्या हातात दिला. मग घोड्याच्या पाठीवर तळवा ठेवून, पाऊल चाचपत, तो मागच्या बाजूला गेला.

त्याने वाकून घोड्याच्या शेपटाखाली हात घातला आणि उचललं. सोडलं तसं ते खाली पडलं.

आणि बराच वेळ तो वर उठलाच नाही.