पुन्हा विचारायचं राहून गेलं

"मॅडम, टॉवेल सोडा."

"नाही!"

"अहो, टॉवेल बुडतोय, तुम्ही नाही. इथे कमरेएवढंच पाणी आहे. पाय टेका बघू."

लतिकाने पाय टेकले. पाणी खरंच कमरेएवढं होतं. नाकातोंडात गेलेलं पाणी खोकत तिने डोळे उघडले, तर समोर एक सावळी, रुंद खांद्यांची मुलगी ओठ दाबून हसू आवरत उभी. रबरी टोपीतून सुटलेली एक बट गालाला चिकटलेली.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमधली दुपार होती. नाशिकच्या जलतरण तलावावर बायकांची बॅच नुकतीच सुरू झाली होती. लतिका विम्याच्या ऑफिसात नोकरीला. खुर्चीत बसून बसून पाठ धरली आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून बिचारी आली. पोहण्याच्या पोशाखाची लाज वाटते म्हणून अंगाभोवती टॉवेल घट्ट धरून चालत होती, आणि ओल्या फरशीने घात केला.

"राहता कुठे?" त्या मुलीने विचारलं. तिचं नाव प्रतिभा. शारीरिक शिक्षणाचा कोर्स करता करता इथे बायकांना शिकवायची.

"पंचवटीत. रामकुंडाजवळ."

"गंगा-गोदावरीच्या काठावर जन्म काढलात आणि पोहता येत नाही?"

"आमच्याकडे मुली गंगेत नुसते पाय बुडवतात. वडील तीर्थोपाध्याय आहेत माझे."

"आमच्या मखमलाबादला मुलींना सरळ विहिरीत ढकलतात," प्रतिभा म्हणाली. "मला माझ्या भावाने ढकललं. आले मी वर! तुम्हालाही आणीन."

दुसऱ्या दिवसापासून धडे सुरू झाले. पाण्यावर उताणं पडून राहायचं. प्रतिभाचा तळहात पाठीखाली.

"काढू नका हं हात."

"काढला तर?"

"मरेन मी."

"मग नाही काढत…" प्रतिभा म्हणाली. "इतक्यात तरी."

लतिकाने आकाशाकडे बघितलं. ऊन डोळ्यांत शिरत होतं म्हणून तिने डोळे मिटले — पण ऊन इतकं आवडू शकतं असं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पाठीचं दुखणं आठवड्याभरात पळालं. पोहणं मात्र तिने मुद्दामच सावकाश शिकून घेतलं.

श्रावणात प्रतिभा तिला लुनावर बसवून मखमलाबादला घेऊन गेली. घराभोवती गुलाबाची शेती, ओला मातकट वास, मध्येच झिमझिम सर, मध्येच पिवळं ऊन. प्रतिभाची आई, रंगूबाई, पहाटे फुलं तोडून बाजारात घालून आलेली. तिने लतिकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लय बारीक हाय गं ही. खात नाय का काही?"

"आई, ती वरणभात खाते."

"मंग तसंच व्हनार," रंगूबाई म्हणाली, आणि तिने मोठ्ठी भाकरी तिच्या पानात टाकली.

जेवण झाल्यावर दोघी शेतात हिंडल्या, तर मोठी सर आली. फुलं ठेवायच्या छपराखाली पळेपर्यंत लतिकाचे केस चिंब झाले. प्रतिभाने आपली ओढणी काढली आणि न विचारता तिचे केस पुसायला लागली. आधी भराभर… मग हळू. मग हात थांबलाच.

"काय झालं?" लतिकाने मागे न वळता विचारलं.

"काही नाही. एक बोलायचं होतं… राहू दे."

"बोल ना."

"वळू नकोस मग. तोंड बघून नाही जमायचं." छपरावर सर वाजत होती. "तू मला आवडतेस, लतू. मैत्रीण म्हणून आवडतेस, तसं नाही. म्हणजे — तसंही. पण त्याच्या पुढचं."

लतिका वळली नाही. फक्त मागे हात नेऊन तिने खांद्यावरची प्रतिभाची बोटं धरली, आणि सर ओसरून गेली तरी सोडली नाहीत.

पुढचे महिने कसे गेले, ते त्या दोघींनाच माहीत. कॉलेज रोडवरची भेळ, पांडवलेणीच्या पायऱ्या, शनिवारचा अर्धा दिवस. दोन मैत्रिणी सोबत हिंडतात, यात कुणाला काय दिसणार? कुणी बघत नाही म्हणून त्या मोकळ्या होत्या, आणि कुणी बघत नाही याचंच कधीकधी लतिकाला वाईट वाटायचं.

मग डिसेंबर आला. दोन बायकांच्या प्रेमावरच्या एका सिनेमावरून मुंबईत, दिल्लीत थिएटरांची तोडफोड झाली. पंचवटीच्या घरात लतिकाच्या वडिलांनी, शामसुंदरगुरुजींनी, पेपर वाचला, घडी घातली, आणि म्हणाले, "असलं काही आपल्याकडे नसतंच. उगाच कुणीतरी डोक्यात भरवायचं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर लतिका भांडली तरी असती. आई गेल्यापासून घरात ती दोघंच. वडिलांच्या शांत आवाजापुढे तिला कधी बोलता आलं नव्हतं. ती चहाचे कप उचलून आत गेली.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात प्रतिभाला पिंपळगाव बसवंतच्या शाळेत नोकरी लागली. गंगापूर रोडच्या रसवंतीत ती हे सांगत होती, पण डोळ्यांत दुसरंच काही चमकत होतं.

"पेपरात वाचलंस? हॉलंडमध्ये दोन बायकांचं लग्न लागलं. चोरून नव्हे हं, सरकारी कचेरीत, सह्या करून! आपल्या पिंपळगावची द्राक्षं जातात तिकडे. आपणच तेवढ्या नाही जात."

"मग काय, द्राक्षांच्या पेटीत बसून जायचं?"

"इतक्या लांब कशाला? पिंपळगावात मी खोली बघितलीय. तू एसटीने रोज ऑफिसला ये-जा कर. राहू आपण, लतू. एकत्र."

लतिकाचा हात ग्लासवर थांबला. "लोकांना काय सांगायचं?"

"लोक आपलं आपण काहीतरी ठरवतात."

"आणि बाबांना?" मग उगाच हसत ती म्हणाली, "आपल्याकडे तसा कायदा होऊ दे, मग बघू."

प्रतिभा हसली नाही. "मी कायद्याची वाट बघू, का तुझी?"

त्या संध्याकाळी लतिकाने धीर केला. वडील देवापुढचं आवरत होते. "बाबा, मी एका मैत्रिणीबरोबर पिंपळगावला राहायला जाऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. "लग्न कर. मग कुठेही राहा."

संपलं. लतिकाने तो शेवटचा शब्द मानला. प्रतिभा जूनमध्ये एकटीच गेली. सुरुवातीला फोन यायचे. लतिका "बाबा आहेत इथे" म्हणून लवकर ठेवायची. हळूहळू फोन थांबले. गंमत अशी, की लतिकाने लग्नही केलं नाही. येईल ते स्थळ काहीतरी खोट काढून परत पाठवलं. मग स्थळंही थांबली. कुंभमेळा आला, गेला. केसांत पांढरं दिसू लागलं.

दोन हजार नऊच्या जुलैत दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल आला, की दोन सज्ञान बायकांनी किंवा दोन पुरुषांनी आपखुशीने प्रेम करणं हा आता गुन्हा नाही. टीव्हीवर एक वकील, एक पुढारी आणि एक महाराज एकाच वेळी ओरडत होते. पुढारी म्हणत होता, आज हे मान्य केलंत, उद्या लग्नं मागतील!

दुपारी गल्लीतली मंडळी आली. "गुरुजी, उद्या घाटावर निषेधाची सभा आहे. तुम्ही चार शब्द बोला."

"मला त्यातलं कळत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि कळत नाही त्यावर मी बोलत नाही."

मंडळी गेली. गुरुजींनी टीव्ही बंद केला. लतिका भाजी निवडत होती.

"तुझी ती पोहणारी मैत्रीण… हल्ली कुठे असते?"

लतिकाच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कोण?"

"प्रतिभा नाव होतं ना? पिंपळगावला राहायला जाऊ का, म्हणून तू विचारलं होतंस."

"तुम्हाला… माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. पुढे तू स्थळं परत पाठवत गेलीस, आणि तिचं नाव घरात कधी निघेना. तिचं नाव टाळताना तुझा चेहरा कसा व्हायचा, ते दिसत होतं मला. त्या दिवशी नीट सांगितलं असतंस, तरी मी नाहीच म्हणालो असतो. खोटं कशाला बोलू? पण नंतर मला वाटायचं, पोर पुन्हा विचारेल. या खेपेला हो म्हणू. तू विचारलंच नाहीस. आणि आपण होऊन बोलायला माझी जीभ उचलली नाही."

लतिकाला रडूही आलं नाही. ज्या भिंतीला घाबरून ती इतकी वर्षं अलीकडे उभी राहिली, ती केव्हाच पडली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी तिने पिंपळगावची एसटी धरली. शाळा बंद होती, पण फाटकावरच्या शिपायाने घर दाखवलं — "प्रतिभा मॅडम आन् सिस्टर राहत्यात, ते." दार एका चष्मेवाल्या बाईने उघडलं. सरकारी दवाखान्यातली नर्स, इरा. तिने लतिकाकडे क्षणभर बघितलं.

"तुम्ही लतिका ना?" ती म्हणाली, आणि वाटेतून बाजूला झाली.

प्रतिभा आतून पिठाच्या हातांनी आली. खांदे तसेच रुंद. केस आखूड केले होते.

"निकाल ऐकलास?" काय बोलावं हे न सुचून लतिकाने विचारलं.

"ऐकला! इराने पेढे वाटले. शेजारच्या काकू विचारतात, कशाचे गं? ही म्हणते, दिल्लीत आमची एक केस होती, जिंकलो."

इरा स्वयंपाकघरातून हसली. ते हसू चांगलं होतं. राग धरावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच लतिकाला ते सोसेना.

"आता लग्न?" ती म्हणाली.

"ते कुठलं एवढ्यात! ते बाकीच आहे." प्रतिभाने तिच्याकडे बघितलं. "होईल तेव्हा बोलावीन. अक्षता टाकायला येशील?"

"येईन," लतिका म्हणाली.

जेवण झाल्यावर प्रतिभा तिला स्टँडवर सोडायला आली. कांद्याचे टेंपो धूळ उडवत जात होते. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. बघणाऱ्याला त्या अजूनही दोन मैत्रिणीच.

"मी वाट बघितली होती, लतू."

"किती?"

"मोजली नाही. एक दिवस इराने हसवलं मला, आणि लक्षात आलं… आता बघत नाहीये मी." एसटी आली. प्रतिभाने तिच्या गालावर आलेले केस बोटाने मागे सारले. "पोहतेस का अजून?"

"नाही."

"वेडी आहेस," प्रतिभा हळूच म्हणाली.

संध्याकाळी गुरुजी गॅलरीत बसले होते. पंचवटीत आरतीच्या घंटा वाजत होत्या.

"भेटली?"

"भेटली. जेवूनच जा म्हणाली. तिच्याबरोबर एकजण असते. चांगली आहे."

गुरुजींनी मान हलवली. लतिका त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग आयुष्यात कुणालाच न सांगितलेलं ते वाक्य तिने वडिलांना सांगितलं.

"बाबा, माझं तिच्यावर प्रेम होतं."

"होतं?" त्यांनी विचारलं.

लतिकाने पदराने डोळे पुसले.

"आहे."